चौदशीची चटणी

काकीजी आल्यागेल्याचा हात हातात घ्यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, काय मायाळू बाई आहे! दोन्ही तळव्यांत आपला हात धरणार, हळूच वर उचलणार, चेहऱ्याजवळ नेणार. पहिल्या दिवशी मी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जाऊन आलो, तर उतरताना दारातच त्यांनी माझा हात धरला. मला भरून आलं. लग्न नवं, नोकरी नवी, टेंभुर्णीहून ट्रंक आणि गादी घेऊन जुन्या जालन्यात आलेलो, आणि घरमालकीण आईसारखा हात हातात घेते! खाली येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, "वर्षा, आपलं नशीब थोर." आठ दिवसांनी कळलं की काकीजी हाताचा वास घेत होत्या.

गच्चीवर त्यांची झाडं होती आणि गच्चीवरून उतरणाऱ्या प्रत्येकानं त्यातलं एखादं पान खुडलेलं असणारच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका फक्त कुठलं पान, एवढ्यापुरती. साबणानं हात धुऊन खाली आलात तर आणखी वाईट. "नळ सहा दिवस झाले आला नाही भाऊसाब, आणि तुम्ही साबणानं हात धुतले? का बरं?"

घर धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत. तळाला गोदाम, पहिल्या मजल्यावर आम्ही दोघं, दुसऱ्यावर काकीजी एकट्या आणि वर गच्ची. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. चार पिढ्या जालन्यात गेल्यामुळे मराठी अगदी बराबर बोलत. फक्त राग आला की मारवाडीत जात आणि मग काय बोलल्या ते न कळल्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त लागे. मुलगा पुण्याला. इथं त्यांच्या सोबतीला तेलाचे पत्र्याचे डबे होते. एकात पुदिना, एकात गवती चहा, दोनांत ओव्याची मऊ, लवदार पानं, शिवाय तुळस, अडुळसा, कोरफड, कोथिंबीर, आणि कोपऱ्यातल्या जुन्या बादलीत कढीपत्ता. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात साठायचं आणि रोज सकाळी वर जायचं. जालन्यात पाणी सांडणं आणि शिवी देणं यात काकीजींना शिवी बरी वाटे.

पान मागितलं तर द्यायच्या. पण मागणं म्हणजे मुलाखत.

"काय पाहिजे?"

"ओव्याची चार पानं, काकीजी."

"कोणाला?"

"मलाच. खोकला झालाय."

"खोकून दाखवा."

मी खोकलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "हा छातीतला नाही. घशातलापण नाही. हा तोंडातला आहे. भजी करायची असतील."

भजीच करायची होती. ओव्याचं पान बेसनात बुडवून तळलं की जे काही होतं, त्यासाठी मी खोटं खोकलो होतो. पण काकीजींचा नियम असा की औषधाला हवी तेवढी पानं, चटणीला, कढीला दोन-चार काड्या, आणि चटकेला एकही नाही. खरंच आजारी असेल त्याला मात्र स्वतः खुडून, धुऊन, रुमालात बांधून देत आणि वर सांगत, "तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जा. माझ्या डब्यात डॉक्टर उगवत नाही." वर्षाला एकदा सर्दीनं घेरलं, तेव्हा दिवसातून चार वेळा गवती चहाचा काढा खाली आला होता. चारही वेळा काकीजी समोर उभ्या राहिल्या. वर्षा तो खरंच पिते की मोरीत ओतते, ते बघायला.

आता चोरीचं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण न सांगता पुढं जाता येत नाही.

काकीजी आठम आणि चौदस पाळायच्या. म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही खायचं नाही, पाल्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी त्या गच्चीवर फिरकत नसत. शिवाय चातुर्मासात रोज सकाळी दोन तास जैन स्थानकात महाराजसाहेबांचं, म्हणजे मुनींचं, व्याख्यान ऐकायला जात. हे माझ्या लक्षात आलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथ्या बघायला लागलो. वर्षाला वाटलं, नवरा धार्मिक झाला. चौदशीला, काकीजींची चप्पल जिन्यात वाजून गेली की मी वर. पानं खिशात, खिसा खाली, आणि त्या यायच्या आत मी कचेरीत.

"ही कुठून?" वर्षानं पहिल्यांदा विचारलं.

"काकीजींनी दिली."

"काकीजींनी? स्वतःहून?" असं म्हणून तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते अगदी काकीजींसारखं. एका घरात राहिलं की वळण लागतं.

गच्चीवर जायची मोकळीक होती फक्त एका माणसाला, द्वारकाबाईला. काकीजींकडे, आमच्याकडे आणि गल्लीतल्या आणखी दोन घरी ती धुणंभांडी करायची. काकीजींकडे तिची बारा वर्षं झाली होती. काकीजींचे गुडघे धरलेले, म्हणून डब्यातली माती उकरणं, खत घालणं, पाण्याचं पातेलं वर नेणं द्वारकाबाईकडे. आणि ते करताना दोघींचं भांडण चालायचं, जिन्यातून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"द्वारकाबाई, हात दाखव."

"घ्या, हुंगा. कोथमीर न्हाई, पुदिना न्हाई, निस्ता तुमच्या भांड्याचा राखुंडा हाय."

"तुळशीची मंजिरी कमी दिसते."

"म्या खाल्ली. गाय हाय ना मी, तुमचा पाला खाया आल्ते!"

मग दोघी गच्चीच्या पायरीवर बसून चहा पीत. बारा वर्षांत काकीजींनी तिच्यावर रोज संशय घेतला आणि खरा एकदाही घेतला नाही. हा फरक मला तेव्हा समजत नव्हता.

श्रावणात काकीजींच्या लक्षात आलं की पानं खरोखरच जाताहेत. त्यांनी मला वर बोलावलं. मी गेलो ते सबबी जुळवतच. पण त्यांना माझं मत हवं होतं. पुदिन्याची एक काडी बोटावर धरून त्या म्हणाल्या, "बघा. चोर अनाडी नाही. बरोबर पानांच्या जोडीच्या वर खुडलंय, म्हणजे खालून दोन फुटवे फुटतील. झाड दुखवलं नाही. हा जाणकाराचा हात आहे."

आता, मी शेतकऱ्याचा मुलगा. पण माझ्या वडिलांच्या मते मी हात लावला की गाजरगवतसुद्धा वाळतं. काकीजींचीच खुडायची पद्धत मी जिन्यातून चोरून शिकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाची तारीफ करत होतं, आणि मला "थँक्यू" म्हणता येत नव्हतं.

या तारीफेनंच घात केला. माझी हिंमत वाढली. पुढच्या चौदशीला मी ओव्याबरोबर पुदिनाही भरपूर आणला. वर्षानं हिरवी मिरची, लसूण, लिंबू घालून अशी चटणी केली की घरभर वास. मला कल्पना सुचली: यातली एक वाटी काकीजींना नेऊन द्यायची. चोर काही चोरीचा माल मालकिणीच्या घरी पोचवत नाही. म्हणजे मी कायमचा संशयमुक्त! माझ्या बुद्धीचं मला इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी तिथी कोणती, हे विसरलो. तीच तिथी बघून मी पुदिना खुडला होता.

काकीजी व्याख्यानाहून येऊन नुकत्या बसल्या होत्या. कचेरीला उशीर करून मी वाटी पुढं केली. त्यांनी झाकण उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज चौदस आहे, भाऊसाब."

"हो का? मग... उद्या खा."

"लसूणपण घातलाय." लसूण तर त्या बाराही महिने खात नसत. हे मला एक वर्षापासून माहीत होतं. "पुदिना कुठला?"

"मंडईतला."

त्यांनी वाटीचा दुरून वास घेतला. "मंडईच्या पुदिन्याला असा वास नाही. मंडईच्या पुदिन्याला गटाराचा वास. हा डाळीच्या पाण्यावर वाढलेला आहे. कोणी दिला?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. फार तर हसल्या असत्या, मारवाडीत दोन शब्द बोलल्या असत्या, महिनाभर माझे हात हुंगले असते. पण मी घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून येतं तेच आलं. "दारावर... एका बाईकडून घेतला."

"दारावर," काकीजी म्हणाल्या. "बाईकडून." त्यांनी झाकण ठेवलं. "जिला माझ्या गच्चीवर जाता येतं, खुडायचं कसं ते कळतं, आणि मी चौदशीला वर जात नाही हेपण माहीत आहे. बस. समजलं. तुम्ही भोळे आहात, भाऊसाब. माझाच पुदिना मला आणून दिलात."

"तसं नाही, काकीजी..."

"तुम्ही तिला वाचवू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी द्वारकाबाईला गच्चीवर जायला मना केलं. आरडाओरडा नाही, भांडण नाही. तेच वाईट. पाण्याचं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आजपासून नको." गच्चीच्या दाराला कुलूप आलं. आणि त्या कुलपाची किल्ली, ऐका, त्यांनी माझ्या हातात दिली. "पाणी तुम्ही घाला. माझे गुडघे चालत नाहीत. आता भरवशाचं माणूस तुम्हीच." बोक्याला दुधावर बसवलं म्हणतात, पण बोका निदान खूश तरी होतो.

मला म्हणाल्या, "आता पजूसण येतंय, आमचं आठ दिवसांचं पर्व. पजूसणात मी कोणाचं वाईट बोलणार नाही. ते झालं की बाकीच्या घरी सांगते." काकीजींचा शब्द गल्लीत शेवटचा. त्या बोलल्या की द्वारकाबाईची चारही घरं एका सकाळीत सुटणार होती. पजूसणाला पंधरा दिवसही उरले नव्हते.

मी चोरी बंद केली. अर्थात. त्याचा परिणाम असा झाला की आठ दिवसांनी काकीजी डबे तपासून म्हणाल्या, "बघा. द्वारकाबाई वर जात नाही तर एक पान हललं नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?" माझं सुधारणंसुद्धा त्या बाईच्या अंगावर गेलं.

मग माझ्या लक्षात आलं की तिला सोडवायचं तर पुन्हा चोरी व्हायला हवी. ती गच्चीवर जात नसताना. मी गोकुळाष्टमीचा दिवस धरला. त्या दिवशी चोरीला निदान मान असतो. पण इतके दिवस खाण्यासाठी चोरणारा हात परोपकारासाठी चोरताना चुकला. पुदिन्याची एक काडी खुडायला गेलो आणि मुळासकट अर्धा डबा वर आला. घाबरून तो परत दाबला, तर शेजारची कोथिंबीर आडवी. संध्याकाळी मी काकीजींना बातमी दिली, "काकीजी, चोरी झाली!"

आठम असूनही त्या सावकाश एकेक पायरी धरत वर आल्या, डबा पाहिला आणि म्हणाल्या, "ही चोरी नाही. हे मांजराचं काम आहे."

"मांजर पुदिना खातं?"

"खात नाही, म्हणून तर उपटून टाकलंय. चोराच्या हातात कला होती."

पजूसण सुरू झालं. काकीजी एकवेळ जेवत, स्थानकात जात, बोलत कमी. द्वारकाबाई यायची, खाली मान घालून भांडी घासायची, जायची. जिना गप्प झाला होता. एक दिवस आमच्या मोरीत ती कढई घासत होती. मी तिथून सटकत होतो तर मान वर न करता म्हणाली, "भाऊ, उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो.

"कढई मीच घासते ना तुमची?"

"हो."

"मंग मला काय ठावं हाय अन् काय न्हाई, ते मी सांगायची गरज हाय का? दर चौदशीला ह्या कढईला ओव्याचा वास येऊन राह्यला होता. आता बंद हाय."

"द्वारकाबाई, मग तुम्ही काकीजींना का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? मी सांगितलं तर म्हणतीन, सोताचं झाकाया दुसऱ्याचं नाव घेती." तिनं कढई पालथी घातली. "चार घरं हायत माझी भाऊ, चारच. तुमचं तोंड हाय ना? त्यानं भजेच खाता का निस्ते?"

पजूसणाचा शेवटचा दिवस संवत्सरी. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकीजी खाली आल्या. पांढरी साडी, हात जोडलेले. वर्षभरात कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची, अशी त्यांची रीत. लहान-मोठा बघायचा नाही. आमच्या दारात उभ्या राहून मला, माझ्यापेक्षा तिप्पट वयाच्या त्या बाई, म्हणाल्या, "खमतखामणा, भाऊसाब. सालभरात काही बोलले असेन, उगाच शक घेतला असेल, तर माफी असावी."

उगाच! जो शक त्यांनी माझ्यावर घेतला नव्हता, तेवढाच एक खरा होता.

"काकीजी, चोर मी आहे," मी म्हणालो.

त्यांचे हात जोडलेलेच राहिले. मग त्या हसल्या. "आज तरी खोटं बोलू नका. त्या बाईसाठी अंगावर घेताय. मन चांगलं आहे तुमचं."

"मन अजिबात चांगलं नाही, काकीजी! पुदिना मी नेला. ओवापण. दर आठम-चौदशीला."

"किल्ली तुमच्याकडे आल्यावर एक पान गेलं नाही. चोर असता तर तेव्हा गच्ची साफ केली असती."

"तेव्हा भीती वाटली."

"आणि पुदिना कसा खुडायचा ते तुम्हाला काय कळतं? तुम्ही परवा तुळशीला पाणी घातलंत, तर डब्यातली माती भिंतीवर."

मी गुन्हा सिद्ध करायला इतका धडपडतोय आणि न्यायाधीश मला निर्दोष सोडतोय, अशी वेळ कोणावर येऊ नये. शेवटी वर्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काकीजी, तुम्ही यांना ओव्याची पानं देत होतात ना? भज्यांसाठी?"

"मी? भज्यांसाठी?" काकीजींचा आवाज चढला. "बिलकुल नाही!"

"मला तर हे दर वेळी म्हणाले, काकीजींनी दिली."

काकीजींनी जोडलेले हात सोडले. माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. वरच्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी कठडा धरला आणि वर जायला लागल्या. त्या जिन्यात त्यांना इतकं जल्दी चढताना मी पाहिलं नव्हतं.

मी मागोमाग गेलो. द्वारकाबाई मोरीत बसलेली. काकीजी तिच्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "खमतखामणा, द्वारकाबाई."

"ते तुमी सकाळीच म्हणल्या की. दर सालीच म्हणता."

"सकाळचं रीतीचं होतं. हे खरं आहे. पुदिना तू नेला नाहीस. मी तुला चोर समजले."

द्वारकाबाईनं हात धुतले. माझ्याकडे एकदा पाहिलं, फार नाही. "माफ केलं काकीजी. तुमी म्हातारं माणूस, हात नका जोडू."

"मग उद्यापासून वर जा. पाणी घाल. किल्ली घे."

"न्हाई." पदराला हात पुसत ती म्हणाली. "भांडे घासते. गच्चीवर न्हाई यायची. ते तुमचं तुमी पाहा."

तिची चारही घरं राहिली. पण गच्चीच्या पायरीवरचा चहा बंद झाला. काकीजी "हात दाखव" म्हणेनाशा झाल्या, आणि कोणी हात हुंगत नाही म्हटल्यावर द्वारकाबाईलाही बोलायला काही उरलं नाही. त्यांच्या संशयात किती आपलेपणा होता ते तो थांबल्यावर कळलं. पाणी मीच घालत राहिलो. एकेक डबा सुकत गेला. काकीजी गच्चीत खुर्ची टाकून माझ्यावर लक्ष ठेवत आणि खालून जिन्यात पावलं वाजली की मान वळवत. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबायची.

उन्हाळ्यात मुलगा न्यायला आला. गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्याला, राहणंही आता तिथंच. तिथल्या घराला ऊन नाही, डबे नेता येणार नव्हते. निघायच्या दिवशी द्वारकाबाई आली, काकीजींचा चहाचा कप घासला, पाया पडली आणि गेली. दोघींनाही काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं. गाडीत बसल्यावर काकीजींनी काच खाली केली. "भाऊसाब, जगलेले डबे द्वारकाबाईच्या घरी पोचवा. तुम्ही ठेवू नका. तुमच्याकडे एक महिना टिकणार नाहीत."

"सांगून ठेवलंय तिला?"

"नाही." काच वर गेली.

रविवारी मी सहा डबे ऑटोत घातले आणि तिच्या वस्तीत गेलो. पुदिन्याचा डबा खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलो. द्वारकाबाई बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे काय?"

"काकीजींनी दिलेत. तुमच्यासाठी."

"काकीजींनी देल्ले?" तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "का तुमीच आणले उचलून?"

"खरंच दिलेत हो."

"तुमच्या असल्याच बोलण्यावर माझे चार घरं जाऊन राह्यले होते, भाऊ. थांबा, खाली ठिवू नका." तिनं कमरेचा मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर केला. पलीकडून काकीजींचा आवाज आला, थोडा दमलेला. "कोण?"

"मी द्वारका. हे भाऊ डबे घेऊन आलेत. म्हणतेत, तुमी देल्ले. खरं हाय का?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "खरं आहे. मीच दिलेत, द्वारकाबाई. घे."

"घेते. पण पुदिन्याचे काय हाल केले वो? वाळून काडी झाली."

"तू वर येत नव्हतीस तर काय होणार? आता त्याला डाळीचं पाणी दे, जास्त नको, अन् दुपारचं ऊन..."

"मला नका शिकवू! बारा वर्सं कोण घालत होतं पाणी? तुमी तर निस्त्या खुर्चीत बसून हात हुंगत होत्या!"

"हुंगत होते म्हणून तर राहिली झाडं!"

माझा खांदा भरून आला होता, ऑटोवाला हॉर्न मारत होता, डब्यातलं पाणी शर्टात उतरत होतं. पण मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही. जवळजवळ वर्षानं त्या दोघी भांडत होत्या. द्वारकाबाई पायरीवर बसली, पाय पसरले, फोन मांडीवर ठेवला. मग काकीजींनी काहीतरी हळूच विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही. द्वारकाबाईनं मान वर करून माझ्याकडे बारकाईनं पाहिलं.

"हाव, हितंच उभे हायत," ती फोनमध्ये म्हणाली. "न्हाई, काही खुडलं न्हाई अजून. दोनी हात गुतलेत."